सहा मिलिमीटरचा शिपाई आणि मावळची माती

टेबलावरच्या लढायांसाठी सहा मिलिमीटरचे शिपाई रंगवून झाले, की उरतो तो बेस. म्हणजे ज्या पट्टीवर शिपाई चिकटवतो, तिची जमीन. बरेच जण हे काम शेवटी अर्ध्या तासात उरकतात. या आकारात मात्र चित्र मुळात जमिनीचंच असतं, आणि शिपाई त्यातले ठिपके. म्हणून आज फक्त बेसबद्दल बोलू.

आपल्याकडे जमीन बनवण्याची सवय लहानपणापासूनच असते, दिवाळीच्या किल्ल्यामुळे. माती कालवायची, हळीव किंवा मोहरी पेरायची, मावळे मांडायचे. पण तिथलं माप इथे चालत नाही. सहा मिलिमीटर म्हणजे साधारण एकास तीनशे. एक मिलिमीटरचा वाळूचा कण इथे एक फुटाचा धोंडा होतो. मोहरीचा दाणा गुडघ्याला लागेल एवढा होतो. आणि तीन सेंटिमीटर वाढलेलं हळीव म्हणजे नऊ मीटरचं झाड! गुडघाभर गवत दाखवायचं तर ते दीड मिलिमीटरच्या वर जाता कामा नये.

त्यामुळे माती वस्त्रगाळच हवी. मुरूम कुटा, आधी चहाच्या गाळणीतून काढा, मग जुन्या सुती कापडातून. जुन्या तव्यावर कोरडी भाजून घ्या, ओल राहिली तर आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते. काहीजण रवा वापरतात. तो मापाला मोठा पडतोच, वर मुंग्या येतात.

आता लढाई घेऊ आपल्याच पट्ट्यातली, वडगावची, जानेवारी १७७९. मुंबईहून निघालेली कंपनीची फौज रघुनाथरावांना घेऊन घाट चढून आली, कार्ल्यावरून तळेगावपर्यंत पोचली. पुणं तिथून जवळच. पण मराठ्यांनी तळेगाव आधीच जाळून रिकामं केलं होतं. धान्य नाही, चारा नाही, आणि फौजेबरोबर हजारो बैल. शेवटी जड तोफा तळ्यात टाकून रात्री माघार सुरू झाली. वडगावला मराठ्यांनी फौजेला घेरलं आणि तिथेच कंपनीला करार करावा लागला.

म्हणजे बघा, या लढाईत जमीन ही नुसती पार्श्वभूमी नाही, निकालाचं एक मोठं कारण आहे. तरी बेसवर आपण काय टाकतो? पाकिटातला हिरवागार फ्लॉक. तो इंग्लंडातल्या कुरणाचा रंग. जानेवारीत मावळ हिरवा नसतो. भात कापून झालेला असतो, खाचरांत धसकटं, बांधावर पिवळं गवत, माळावर तांबूस मुरूम. हिरवं दिसलंच तर ओढ्याकाठी आणि आंब्याखाली. हिरवा बेस केला की टेबलावरची फौज उपाशी वाटतच नाही.

कृती सांगतो. शिपायांच्या पट्टीची जाडी एक मिलिमीटर असली तरी ती फूटभर उंच ओट्यासारखी दिसते. ती आधी बुजवा. भिंतीची पुट्टी घ्या, तिच्यात तपकिरी रंग कालवा आणि टूथपिकने पट्टीच्या कडेला सारवा. रंग आधीच मिसळला असला, की पुढे टवका उडाला तरी पांढरं दिसत नाही. पुट्टी वाळली की फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. बारीक ब्रशने पायांमधून फिरवा, वरून माती भुरभुरवा, रात्रभर वाळू द्या. एमडीएफचा बेस पातळ असेल तर खालच्या बाजूलाही रंगाचा एक हात द्या, नाहीतर तो वाकतो.

रंगाचं एक लक्षात ठेवा. साठ सेंटिमीटरवरून बेस बघणं म्हणजे खऱ्या माणसांकडे १८० मीटरवरून बघणं. एवढ्या लांबून माती फिकट दिसते. शिवाय फेविकॉलने ती आणखी गडद होते. म्हणून पातळ तपकिरी वॉश द्या, आणि वाळल्यावर गवती पिवळ्या रंगाचा कोरडा ब्रश दोनदा फिरवा, दुसऱ्यांदा जवळजवळ पांढरट. गडद तांबड्या जमिनीवर कंपनीचे लाल डगले हरवून जातात, फिकट जमिनीवर उठून दिसतात.

जळलेली जमीन तळेगावच्या बेसवर हवीच. तिथे निव्वळ काळा लावू नका, भोक पडल्यासारखं दिसतं. मध्ये गडद राखाडी, कडेला तपकिरी, वरून राखेच्या रंगाचा हलका हात. माघारीच्या बेसवर गाड्यांच्या चाकोऱ्या हव्यात. पुट्टी ओली असतानाच सुईने दोन समांतर रेषा ओढा, पाच-सहा मिलिमीटर अंतरावर.

शेवटी सगळ्या बेसच्या कडा एकाच रंगात, तोच रंग टेबलावरच्या कापडाचा. मग लांबून बघणाऱ्याला सुटे तुकडे दिसत नाहीत, एक सलग माळ दिसतो, आणि त्यात अडकलेली फौज.

जानेवारीत तळेगाव ते वडगाव एकदा चालून या, खिशात चिमूटभर मुरूम घेऊन परत या. रंग जुळवायला त्याहून चांगला नमुना कुठल्याच डबीत मिळणार नाही. पुढच्या भागात याच मापाची झाडं आणि ओढे करू.