पीक कोणते घ्यावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चिकपेटेत भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या सोहळ्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने मला केली आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपविली. माझी चाळीस वर्षे याच चिकपेटेत एका कापडाच्या पेढीवर जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात गेली. साहित्यावर किंवा संगीतावर बोलण्याचा अधिकार अशा माणसाला नसतो. म्हणून आज मी शेतीवर बोलणार आहे, आणि तीही संगणकाच्या पडद्यावरील शेतीवर. मागच्या रांगेतील मुले एकदम सावरून बसली, हे मला इथून दिसते आहे!

माझा नातू आठवीत शिकतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दिवसभर पडद्यासमोर बसलेला पाहून मी त्याला रागे भरायला गेलो. पाहतो तो त्याच्या मांडीवर एक वही होती. तिच्यात उभ्या-आडव्या रेघा आखून त्याने रकाने पाडले होते: बियाण्याची किंमत, पीक तयार होण्याचे दिवस, विक्रीची रक्कम, निव्वळ नफा. जन्मभर खतावणी लिहिलेल्या माणसाचा राग अशी वही पाहिल्यावर कसा टिकावा? मी चष्मा लावला आणि त्याच्या शेजारी बसलो.

त्या खेळाचे नाव ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने खपून तो तयार केला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तो बाजारात आला. त्यात शहरातील नोकरीला कंटाळलेल्या एका माणसाला आजोबांची जमीन वारशाने मिळते. वर्षाचे ऋतू चार, प्रत्येक ऋतू बरोबर अठ्ठावीस दिवसांचा. ज्या त्या ऋतूचे पीक त्याच ऋतूत. ऋतू पालटला की उभे पीक वाळून जाते. हातात आरंभी पाचशे नाणी. आता यातून पीक कोणते घ्यावे?

नातवाने मला दोन पिके दाखविली. पहिले पार्सनिप, म्हणजे गाजराच्या कुळातील एक पांढरट कंद. बियाणे वीस नाण्यांचे, चार दिवसांत तयार, विक्री पस्तीसला. दुसरे फुलकोबी: बियाणे ऐंशीचे, बारा दिवसांत तयार, विक्री एकशे पंचाहत्तरला. मी तत्काळ म्हटले, “फुलकोबी लाव. एका गड्ड्यामागे पंचाण्णव सुटतात, तुझ्या कंदामागे पंधरा.” नातू हसला आणि त्याने वही पुढे केली. पाचशे नाण्यांत फुलकोबीची सहाच रोपे येतात. तेराव्या दिवशी त्यांचे एक हजार पन्नास होतात, वीस हाती शिल्लक असतात. तेच पाचशे कंदात घातले, तर पाचव्या दिवशी आठशे पंचाहत्तर. ते पुन्हा मातीत घातले, तर नवव्या दिवशी पंधराशे वीस. आणि तेराव्या दिवशी दोन हजार सहाशे साठ!

मंडळी, मी चकित झालो. हे तर आमच्या पेढीचे जुने शास्त्र. गाठी पैसा थोडा असेल तेव्हा थोड्या नफ्याचा पण लवकर उठणारा माल घ्यावा आणि भांडवल फिरते ठेवावे. पैसा झाला आणि जागा अपुरी पडू लागली, म्हणजे मग दर वाफ्यामागे किती सुटते ते पाहावे. वाफा मोजला तर संपूर्ण वसंत ऋतूत फुलकोबीच जिंकते. दोन पिकांचे मिळून एकशे नव्वद, तर कंदाच्या सहा फेऱ्यांचे नव्वदच. आमच्या मालकांना हे कळायला दोन दिवाळ्या तोट्यात गेल्या होत्या. या पोराला ते तेराव्या वर्षी कळले. अर्थात सत्तर-ऐंशी रोपांना रोज झारीने पाणी घालून पडद्यावरचा तो शेतकरी दमतो, हा हिशेब वेगळा.

उन्हाळ्यात ब्लूबेरी नावाचे फळ. ऐंशीचे रोप पहिल्या दिवशी लावले की चौदाव्या दिवशी पहिला तोडा मिळतो आणि पुढे दर चार दिवसांनी एकेक. असे चार तोडे, दर तोड्याला तीन फळे, फळाला पन्नास. खर्च वजा जाता पाचशे वीस. परंतु मला सर्वांत आवडली ती स्ट्रॉबेरीची गोष्ट. तिचे बियाणे वसंताच्या तेराव्या दिवशी, गावच्या जत्रेत, शंभर नाण्यांना मिळते. त्याच संध्याकाळी लावले तर दोनच तोडे हाती लागतात आणि एकशे चाळीस सुटतात. तेच बियाणे वर्षभर पेटीत ठेवून पुढील वसंताच्या पहिल्या दिवशी लावले, तर पाच तोडे आणि पाचशेचा नफा. मात्र वर्षभर पैसा अडकवून ठेवण्याची ऐपत हवी. या ऐपतीकडे मी पुन्हा येणार आहे.

असे खेळ निघाले तरी कोठून, याची मी थोडी चौकशी केली. १९९६ साली जपानमध्ये यासुहिरो वादा या गृहस्थांनी ‘हार्वेस्ट मून’ या नावाने जगभर गाजलेला खेळ काढला. वादा क्यूशू बेटावरील ग्रामीण भागात वाढलेले, पोटासाठी टोकियोत आलेले. महानगरात आल्यावर मागे राहिलेल्या खेड्याची ओढ लागली आणि त्या ओढीतून तो खेळ जन्मला. हे वाचले तेव्हा मला वाटले, हे गृहस्थ आपल्या मंडळाचे सभासद व्हायला हरकत नव्हती! पुढे २००९ मध्ये ‘फार्मव्हिल’ आला. ३१ डिसेंबर २०२० रोजी तो मूळ खेळ बंद झाला, पण आपल्यापैकी कित्येक भगिनी त्या काळी कामावरून परतल्यावर प्रथम त्यातील स्ट्रॉबेरी काढीत आणि मग कुकर लावीत, हे त्यांना आठवत असेल. ज्या कंपनीचा तो खेळ होता, तिने २०१० मध्ये भारतातील आपली कचेरी याच बंगळुरात उघडली होती.

आणि का उघडू नये? हे शहरच मुळी पिकांच्या बाजारावर उभे राहिलेले आहे. १५३७ मध्ये केंपेगौडांनी ही पेठ वसविली, ती धंद्यांच्या नावांनी. अक्कीपेट तांदळाची, रागीपेट नाचणीची, अरळेपेट कापसाची, तरगुपेट धान्याची, गाणिगरपेट तेल्यांची. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचे हे ठाणे झाले आणि आपली भाषा या गल्ल्यांतून वावरू लागली. आजही येथे ऋतू पंचांगात पाहावा लागत नाही. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. थंडी पडली की दव प्यालेल्या पावट्याचा, म्हणजे अवरेकाईचा, तो उग्र वास हातगाडीच्या आधी नाकाशी येतो. आमच्या घरी तो वास सौ.ला सोसवत नसे. आता ती स्वतःच दोन किलो आणविते. असो.

नातवाच्या वहीत मी खूप शोधला, पण एक रकाना मला सापडला नाही. मी विचारले, “सगळ्यांनीच फुलकोबी लावली तर?” तो म्हणाला, “आजोबा, त्याने काय होतं? भाव तोच राहतो.” खरेच आहे. त्या गावात शेतकरी तो एकटाच. एक गड्डा विका की हजार विका, दर तोच. त्या खेळात प्रत्येक पिकाला हमीभाव आहे!

सज्जनहो, आता जे सांगायचे ते सांगताना मला थोडा संकोच वाटतो. निफाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. धाकटे बंधू ती कसतात. २०२३ च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कांद्याचे भाव चढले, हे आपणांस स्मरत असेल. त्या वर्षी रब्बीत दीड एकर उन्हाळ कांदा, एक एकर गहू आणि उरलेल्यात हरभरा, असा बंधूंचा बेत होता. मी इथून, तरगुपेटेच्या तोंडाशी उभा राहून, दूरध्वनीवर त्यांना हिशेब शिकविला. एकरी उतारा गुणिले चालू भाव! गहू-हरभऱ्यात काय ठेवले आहे? तिन्ही एकर कांदा लाव. मी थोरला. त्यांनी ऐकले.

२६ नोव्हेंबरला अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. आमची निम्मी रोपे गेली. बंधूंनी उसनवारी करून महाग रोपे घेतली. लागवड चालू असतानाच ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. एप्रिलमध्ये कांदा निघाला तेव्हाही बंदी उठलेली नव्हती; ती ४ मे २०२४ रोजी उठली. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस भाव पुन्हा वर गेलेही. पण देणेकरी चार-सहा महिने टिकत नाही. बंधूंनी शेतातूनच माल विकला. स्ट्रॉबेरीचे बियाणे वर्षभर पेटीत ठेवण्याची ऐपत मी म्हटली, ती हीच.

माझी चूक बाजारातील तेजीची नव्हती, रकान्याची होती. मी जो भाव धरला होता तो दिवाळीतला. माल यायचा होता वैशाखात. आणि तोच भाव पाहून आमच्यासारख्या किती घरांनी तोच विचार केला असेल, हे मी मोजलेच नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातीलच एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये हाती आले आणि त्याने ती रक्कम पंतप्रधानांकडे मनीऑर्डरने धाडली, ही बातमी मी स्वतः कात्रण करून ठेवली होती. आपल्या शेजारच्या कोलारात जुलै २०२३ मध्ये पंधरा किलो टोमॅटोची पेटी दोन हजारांवर गेली. ते पाहून जिकडे तिकडे टोमॅटो लागला, आणि सप्टेंबरात तो रस्त्यावर ओतण्याची वेळ आली. हे सारे मला ठाऊक होते. ठाऊक असून मी सल्ला दिला, कारण तोटा झाला असता तरी माझे निवृत्तिवेतन चालूच राहणार होते.

बंधूंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त भावजय एकदा म्हणाल्या, “दादा, गहू असता तर निदान वर्षाची पोळी तरी घरची झाली असती.” त्या उन्हाळ्यात मी गावी गेलो नाही. पुढच्याही नाही.

यंदा दिवाळीनंतर बंधूंचा दूरध्वनी आला. “दादा, औंदा काय लावू?” मला उत्तर सुचेना. नातू जवळ होता, त्याच्या हाती यंत्र दिले. त्याला मी हा सारा प्रकार सांगितलेला होता. त्याने विचारले, “नाना, बाकीचे लोक काय लावताहेत?” पलीकडे बंधू मोठ्याने हसले. म्हणाले, “बांधावर उभं राहिलं की नजर पोचते तिथवर कांदाच हाय बघ.” मग त्यांनी सांगितले की त्यांचे ठरलेले आहे: दीड एकर कांदा, एक एकर गहू, उरलेल्यात हरभरा. मला त्यांनी केवळ विचारायचे म्हणून विचारले होते.

गहू सध्या शेतात उभा आहे. एक पोते बंगळुरास पाठविण्याचे भावजयींनी कबूल केले आहे. परीक्षा संपल्यावर कांदा काढायला आपणही जाणार, असा नातवाचा हट्ट आहे. त्याच्या खेळात रात्री झोपले की दिवसाचे काम आपोआप जतन होते. निफाडला झोपल्यावर पाठ दुखते, एवढे मी त्याला सांगून ठेवले आहे. गाडीची दोन तिकिटे कालच काढली. दुसरे माझे.