घरातल्या वकिलाचा नकार

मान्यवर पाहुणे, आणि कंपन्यांच्या कायदा विभागांत काम करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, शापोरा नदीच्या काठावरच्या या चोपडे गावात आपण दोन दिवसांसाठी जमलो आहोत. आपल्या पेशापुढे डेटा संरक्षणापासून कामगार कायद्यांपर्यंत प्रश्न पुष्कळ आहेत. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, असे मला वाटते: कंपनीच्या पगारावर असलेल्या वकिलाला मालकापुढे ‘हे करता येणार नाही’ असे लेखी मांडता येते का?

हा प्रश्न किती महागात पडतो, ते शेजारच्या डिचोली या खाणींच्या तालुक्याला विचारावे. गोव्यातल्या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली, तरी खनिज निघतच राहिले. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये मुदत संपल्यानंतरचे सारे खाणकाम बेकायदा ठरवले. त्यानंतर राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण करून दिले. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने तेही रद्द झाले. सरकारी शिक्क्याचा कागद हातात असूनही १६ मार्चपासून खाणी बंद पडल्या, आणि त्याची झळ ट्रकवाल्यांना, बार्जवाल्यांना, खाणकामगारांना बसली. परवाना मिळणे आणि तो न्यायालयात टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक वेळीच सांगणे, हेच तर आपले काम.

पण तसा नकार लिहून देणाऱ्याला आधार कोणाचा? पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे वकील-अशील गोपनीयतेचे संरक्षण अशा विधी अधिकाऱ्याला मिळत नाही, कारण तो न्यायालयात वकिली करत नाही आणि पगारामुळे पुरेसा स्वतंत्रही नसतो. युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये अक्झो नोबेल प्रकरणात स्पर्धा कायद्याच्या चौकशीपुरता असाच कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आदर राखूनही मला वाटते की, त्याने सल्ला कागदावर न येता तोंडीच राहील, आणि तोंडी नकार दुर्लक्षित करणे फार सोपे असते. संरक्षण दिले तर कंपन्या गुन्हे लपवतील, हा आक्षेप गंभीर आहे. पण बेकायदा हेतूने केलेल्या संवादाला कलम १३२ मध्ये मुळातच संरक्षण नाही. स्वातंत्र्याचा आक्षेप मात्र मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तर आपणच द्यायला हवे. कंपनी कायद्याच्या कलम २(५१) नुसार संचालक मंडळ आपल्या एका पायरीखालच्या अधिकाऱ्याला महत्त्वाचा व्यवस्थापकीय अधिकारी म्हणून नेमू शकते. कायदा विभागप्रमुखाला हा दर्जा मिळावा, त्याला काढायचे तर मंडळाचा सकारण ठराव लागावा आणि त्याचा लेखी नकार थेट मंडळापुढे जावा. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही. आपापल्या संचालक मंडळापुढे नेता येईल असा ठरावाचा मसुदा या दोन दिवसांत आपण तयार करावा, ही माझी आपणांस विनंती आहे.