जोडीदाराचा नकार आणि समुपदेशनाची वाट

विवाह-समुपदेशन म्हणजे पती-पत्नींमधील ताण, कोणाचीही बाजू न घेणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीसमोर, दोघांच्या संमतीने आणि गोपनीयतेच्या हमीवर बोलून समजून घेण्याची पद्धती होय. परंतु बीड जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांना समुपदेशनाची ओळख या अर्थाने झालेली नाही. संसारात बिनसले की मामा, सासरे आणि भावकीतील जाणत्यांची बैठक बसते, चूक कोणाची हे ठरते आणि एकाला चारचौघांत मान खाली घालावी लागते. त्यानेही भागले नाही तर समुपदेशक भेटतो तो पोलीस ठाण्याच्या आवारात किंवा न्यायालयात, कारण १९८४च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच ठरविले आहे. म्हणून पत्नीने हा विषय काढला की पतीला खटल्याची चाहूल लागते आणि पतीने काढला तर आपल्याला वेडी ठरवून माहेरी धाडतील, अशी धास्ती पत्नीला वाटते. समुपदेशनाला मिळणारा नकार हट्टापेक्षा भीतीतून अधिक येतो.

या जिल्ह्यात या नकाराला आणखी एक कारण आहे. गाव सोडून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांत पती-पत्नीची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, एकट्या मजुराचा अर्धा. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, त्या जोडीच्या नावावर फिटते आणि एकाने खाडा केला तर भुर्दंड दोघांवर बसतो. दिवसभर उसाच्या फडात आणि रात्री कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, शेजारच्या कोपीतील खोकलाही ऐकू येईल इतक्या दाटीत राहणाऱ्या जोडप्याला भांडायलाही आडोसा नसतो, मग मन मोकळे करण्याची गोष्ट दूरच. अशा जोडप्याशी या विषयावर बोलायचे तर पाडव्याच्या सुमारास गावी परतल्यानंतर आणि पुढच्या हंगामाची उचल अंगावर येण्यापूर्वी बोलावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकातील सूचनेपेक्षा महत्त्वाचे आहे.

बोलण्याची रीतही तितकीच निर्णायक असते. 'तुम्हाला उपचारांची गरज आहे' या वाक्याने दार बंद होते. 'मला रात्री झोप लागत नाही, मला एकटीला हे सुटेना, एकदाच सोबत या, नाही पटले तर पुन्हा म्हणणार नाही' या बोलण्यात आरोप नसतो आणि मागे फिरण्याची मुभा असते. अमेरिकी कौटुंबिक उपचारतज्ज्ञ विल्यम डोहर्टी यांनी अशाच अर्ध्या मनाच्या जोडप्यांसाठी जास्तीत जास्त पाच भेटींची पद्धत आखली, जिच्यात समुपदेशक मुख्यत्वे प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलतो आणि नाते आहे तसे ठेवायचे, विभक्त व्हायचे की काही महिने मनापासून प्रयत्न करायचा, एवढेच ठरवायला मदत करतो. नाखूश जोडीदाराकडून आधी समेटाचे वचन न मागणे, हे या पद्धतीचे बळ आहे.

जेथे मारहाण किंवा धमकी आहे तेथे मात्र एकत्र समुपदेशनाचा आग्रह धरू नये, कारण समुपदेशकासमोर बोललेल्या शब्दाची किंमत स्त्रीला घरी मोजावी लागते. तेथे २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे संरक्षण आणि पोलीस ठाण्याच्या आवारातील महिलांसाठीचा विशेष कक्ष हाच पहिला आधार होय. अंबाजोगाईत शैला लोहिया यांच्या मनस्विनी प्रकल्पाने परित्यक्ता स्त्रियांची बाजू ऐकून घेण्याचे जे काम उभे केले, ते याच जाणिवेतून.

हिंसा नसूनही जोडीदार येत नसेल, तर एकाने एकट्याने सुरुवात करण्यास कोणतीही आडकाठी नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि २०२२पासून सुरू असलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्यविषयक दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक मराठीतही, रात्री-अपरात्रीही लागतो.