पेशीतली हमाली

(नायगाव, मुंबई येथे केलेले भाषण)



सकाळी इकडे येताना आम्ही एका बेकरीवरून आलो. गरम पावाचा वास सुटला होता. पाव फुगतो कशाने? पिठात यीस्ट घालतात म्हणून. ताडी आंबते तीही यीस्टमुळेच. गोव्याचे पोदेर पूर्वी पाव फुगवायला ताडीच घालीत.

यीस्ट हा एक जीव आहे. आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनले आहे. यीस्टचा सारा देह मात्र एकाच पेशीचा! नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. या एवढ्याशा जिवावर एका माणसाने सारी हयात घालवली. त्याचे नाव रँडी शेकमन.

शेकमन अमेरिकेचे. जन्म 1948 चा. लहानपणी पाण्याच्या थेंबातले जीव पाहण्याचे त्यांना वेड लागले. त्यासाठी सूक्ष्मदर्शक हवा. म्हणजे बारीक वस्तू मोठी दाखवणारे यंत्र. पोराने शेजाऱ्यांचे गवत कापून पैसे साठवायला सुरुवात केली. पण साठा काही वाढेना. आई मधूनमधून त्यातले पैसे उसने घेई. एके दिवशी पोराचे डोके फिरले. सायकल काढली ती थेट पोलीस ठाण्यावर! “आई माझे पैसे घेते. मी आता घरी राहणार नाही,” असे त्याने सांगितले. बाप न्यायला आला. त्याच दिवशी दोघे गहाणवटीच्या दुकानात गेले आणि शंभर डॉलरला एक जुना सूक्ष्मदर्शक घेऊन आले.

आम्हाला त्या माउलीचा राग येत नाही. पोरांच्या डब्यातले पैसे कोणत्या घरात उसने जात नाहीत?

पुढे 1976 साली शेकमन कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात शिकवू लागले. त्यांनी प्रश्न धरला तो असा: पेशीत माल तयार होतो, तो बाहेर कसा जातो?

तुमच्यापैकी कित्येकांचे वाडवडील इथल्या गिरण्यांत होते. कापड विणले म्हणजे काम संपले असे नव्हते. गाठी बांधायच्या, हमालांनी त्या उचलायच्या, दारापर्यंत न्यायच्या. पेशीतही तसेच चालते. माल बारीक पिशव्यांत भरला जातो. पिशवी पेशीच्या कडेला जाऊन चिकटते आणि माल बाहेर पडतो. पण ही हमाली करते कोण?

समजा, गिरणीत कोण काय करतो ते तुम्हाला ठाऊक नाही. मग एकेकाला रजा द्यावी आणि माल कुठे अडतो ते पाहावे. शेकमन यांनी हेच केले. त्यांचा विद्यार्थी पीटर नोविक सोबतीला होता. पैशासाठी केलेला पहिला अर्ज तर नामंजूरच झाला होता!

त्यांनी यीस्टमध्ये मुद्दाम बिघाड केले. पण हमाल कायमचा गेला तर पेशीच मरेल, मग पाहायचे काय? म्हणून असे बिघाड निवडले की थंडाव्यात पेशी ठीक चालावी आणि 37 अंशांवर, म्हणजे आपल्या अंगाइतक्या उबेत, अडावी. माल आत तुंबला की पेशी जड होते. अशा जड पेशी त्यांनी वेगळ्या काढल्या. त्यांत न्यायच्या पिशव्या खच्चून साठलेल्या दिसल्या. पेशीने कोणते काम कसे करायचे, याची जणू चिठ्ठी तिच्यातच असते. तिला जनुक म्हणतात. 1980 पर्यंत हमालीची अशी 23 जनुके त्यांनी शोधली.

माणसाच्या पेशीतही बरेचसे तेच हमाल निघाले! 2013 साली शेकमन यांना आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

याचा आपल्याला उपयोग? मधुमेहाचे इन्सुलिन घ्या. माणसाचे जनुक यीस्टमध्ये घालतात, आणि यीस्ट इन्सुलिन बनवून बाहेर टाकते. आपल्या बंगळूरलाही असे इन्सुलिन तयार होते. इथून जवळ, परळला, टाटा रुग्णालय आहे. गावाकडचे किती रोगी तिथे येतात! त्यांचेच संशोधन केंद्र खारघरला आहे. तिथेही यीस्टच्या पेशीतल्या या ने-आणीवर काम झाले आहे.

शेकमन यांच्या पत्नी नॅन्सी यांना कंपवात जडला. हात थरथरतात, चालणे जड होते, तो रोग. सुमारे वीस वर्षे त्यांनी तो सोसला. 2017 साली त्या वारल्या. कंपवातात मेंदूतल्या पेशी मरत जातात. पेशीतली ने-आण बिघडण्याचा त्याच्याशी संबंध असावा, असे पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटते. पत्नी गेल्यावर शेकमन या रोगावरच्या मोठ्या संशोधनाचे काम पाहू लागले. तो मुळापासून बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही.