घराआधी परिसर पाहावा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती जेथे रुजली, त्या आपल्या गावांत जागेची पारख निराळी शिकावी लागत नसे. ओढा कोठून वाहतो, कोणत्या विहिरीला वैशाखात पाणी राहते, कोणती जमीन वादात आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असे. बंगळूरमध्ये स्थायिक झालेल्या आपणांपाशी येथील भूमीचे हे पिढीजात ज्ञान नाही. आयुष्याची पुंजी मात्र आपण याच भूमीत घालतो. म्हणून ते ज्ञान प्रयत्नाने मिळवले पाहिजे, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

पहिला प्रश्न विचारावा तो पाणी जाते कोठे, हा. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असून येथे मोठी नदी नाही. म्हणून पूर्वीच्या लोकांनी उतारावर एकाखाली एक तळी बांधली. वरचे तळे भरले की जादा पाणी ‘राजकालुवे’ म्हणजे मोठ्या नाल्यांतून खालच्या तळ्यात उतरे. पुढे कित्येक तळी बुजली. आजचे केंपेगौडा बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या जागी आहे आणि कांतीरवा क्रीडांगण संपंगी तळ्याच्या. परंतु तळे बुजवले तरी जमिनीचा उतार बुजत नाही. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत शहराच्या पूर्व भागातील महागड्या बंगल्यांच्या वसाहतींतूनही रहिवाशांना ट्रॅक्टर आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले, ते आपण पाहिलेच आहे. यास्तव जागा भर पावसाळ्यात पाहावी. कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला विचारावे, भिंतींवरील ओलीच्या रेषा पाहाव्यात, गावनकाशावर तळे वा नाला आहे का ते तपासावे. ठिकाणाच्या नावात ‘केरे’ असेल, तर कानडीत केरे म्हणजे तळे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न पाणी येते कोठून, हा. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून उपसून येथे आणले जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो कूपनलिका आटल्या आणि टँकरची वाट पाहण्यात घराघरांची झोप उडाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा कार्यान्वित झाला. शहरात नव्याने सामील झालेल्या ११० गावांसाठी तो आखलेला होता. तरीही रस्त्याखाली नळ गेला म्हणजे घरात पाणी आले, असे नव्हे. इमारतीच्या मेंटेनन्सचा मागील उन्हाळ्याचा हिशेब मागून टँकरवर किती खर्च झाला ते पाहावे. जाहिरातीतील कारंज्यापेक्षा तो कागद अधिक खरे बोलतो.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. आपल्याकडे जसा सातबारा, तशी येथे ‘पहाणी’. शेतजमीन बिगरशेती झाली आहे का, मूळ खरेदीखतापासून साखळी अखंड आहे का, बोजाचा दाखला स्वच्छ आहे का, हे स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावे. विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे. ‘ब’ खात्याच्या मालमत्तेवर कर भरला जातो, परंतु कराची पावती म्हणजे बांधकाम नियमित असल्याचा दाखला नव्हे. बांधकाम चालू असेल, तर २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमान्वये प्रकल्पाची नोंदणी झाली आहे का, हे ‘रेरा’च्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

केवळ गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडावा. ऐंशी लाखांच्या घराला महिना वीस हजार भाडे आले, तर वर्षाचे दोन लाख चाळीस हजार, म्हणजे शेकडा तीन झाले. कर, दुरुस्ती आणि रिकामे महिने त्यातूनच जावयाचे. कर्जाचे व्याज यापेक्षा किती अधिक आहे, ते सांगावयास नकोच.

शेवटी शेजार. आपली माणसे जेथे आहेत तेथे घर घ्यावे, अशी ओढ स्वाभाविक आहे. परंतु मराठी शेजार लाभला म्हणून गटाराचा उतार बदलत नाही. सकाळच्या रहदारीत, रात्री नऊनंतर आणि रविवारी, असे तीन वेळा त्या गल्लीतून पायी फिरावे. ‘मळे बंद्रे नीरु निल्लुत्ता?’ म्हणजे ‘पाऊस आला की पाणी साचते का?’ एवढे एक कानडी वाक्य तोंडपाठ असावे. ज्या गृहिणीला आपण ते विचारू, तीच कदाचित उद्याची शेजारीण असेल.

मंडळाला आमची एक विनंती आहे. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या कुटुंबांनी या शहराच्या कानाकोपऱ्यांत संसार थाटले. कोठे पाणी साचते, कोठे टँकर लागतो, कोठे कागद अडले, हे सारे सभासदांना ठाऊक आहे. त्याची एक नोंदवही कार्यालयात ठेवावी. गावातील वडीलधाऱ्यांनी जे काम केले, ते येथे नव्याने येणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी मंडळाने करावे, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.