ठिणगी आणि खरखर

मध्यम लहरींवर एखादे दूरचे केंद्र लावावे आणि नेमकी त्याच वेळी खिडकीखालून मोटारसायकल जावी. गाण्यात एकाएकी खरखर उमटते, गाडीबरोबर वाढते आणि तिच्याबरोबरच विरते. श्रोता वैतागतो. वस्तुतः तेही एक प्रक्षेपणच असते. १८८७ च्या सुमारास जर्मनीत कार्ल्सरूह येथे हाइन्रिश हर्ट्झने विद्युत्-तरंग निर्माण केले ते ठिणगी पाडूनच, आणि मार्कोनीचे आरंभीचे प्रेषकही ठिणगीवरच चालत. गाडीतील स्पार्क प्लग ही तशीच ठिणगीची फट, आणि त्याला जोडलेली जाड तार म्हणजे न बोलावता आलेले एरियलच होय!

काँटॅक्ट पॉइंटच्या जुन्या गाड्यांत हा उपद्रव मुख्यतः शेजाऱ्यांपुरता होता. धातूच्या त्या दोन टोकांना खरखर ऐकू येत नसे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला मात्र कान आहेत. चक्राबरोबर फिरणारा उंचवटा पिकअप कॉइलजवळून जातो, तेव्हा तिच्यात क्षीण इशारा उमटतो आणि त्या इशाऱ्यावर ठिणगी सुटते. किक मारताना हा इशारा एखाद-दुसऱ्या व्होल्टचा. शेजारच्या तारेत मात्र पंधरा-वीस हजार व्होल्ट. दोन्ही तारा एकत्र बांधल्या, तर ठिणगीचा पडसादच नवा इशारा ठरू शकतो. मग घाटात ट्रकला ओलांडतानाच इंजिन हिसके देते, आणि दोष बिचाऱ्या कार्बोरेटरच्या माथी येतो.

उपाय उगमापाशीच करावा. प्लगच्या टोपीत सुमारे ५,००० ओहमचा रोधक असतो. त्याने ठिणगी दुबळी होते, या समजुतीने पुष्कळ हौशी स्वार ती टोपी काढून साधी बसवतात. समजूत चुकीची आहे. ठिणगी पडण्यापूर्वी तारेतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. मग रोधकाने व्होल्टेज घटणार कसे? तो आवरतो तो पहिल्या क्षणीचा प्रवाहाचा उसळता लोट, आणि खरखरीचे मूळ तेथेच आहे. अर्थात हा रोधक जळूनही जातो; मीटरवर तो अवाच्या सवा आकडा दाखवू लागला की टोपी बदलावी.

त्यानंतर पिकअपच्या तारांकडे वळावे. त्या जाड तारेपासून दूर न्याव्यात. ओलांडणे अटळच असेल, तर काटकोनात ओलांडाव्यात. दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा, म्हणजे एका वेढ्यात शिरलेला उपद्रव पुढच्या वेढ्यात उलटा होऊन बराचसा फिटतो. वर धातूच्या जाळीचे कवच घातल्यास ते इग्निशनच्या पेटीकडील एकाच टोकाला अर्थ करावे; दोन्ही टोके जोडली तर कवचातूनच प्रवाह वाहू लागतो.

सर्वांत दुर्लक्षित बाब अर्थची. ठिणगीचा प्रवाह इंजिनातून कॉइलकडे परत यावा लागतो. बोल्टखाली रंग किंवा गंज असेल, तर तो पेटीच्या नाजूक अर्थ-तारेतूनही वाट काढतो. म्हणून धातू घासून स्वच्छ करावा आणि इंजिन ते सांगाडा अशी जाड पट्टी जोडावी.

परीक्षेसाठी बॅटरीवरचा लहान रेडिओ पुरतो. मध्यम लहरींवर दोन केंद्रांच्या मधोमध काटा ठेवून तो चालू इंजिनाजवळ धरावा. टकटक एका लयीत आणि मंद असेल, तर काम साधले. ती वेडीवाकडी, तडतडती असेल, तर टोपीतून किंवा तारेच्या भेगेतून ठिणगी भलतीकडेच उडी घेत असण्याचा संभव आहे. अंधारात गाडी चालू करून पाहिली, तर ती निळसर रेघ पुष्कळदा डोळ्यांनाही दिसते.