वारं गेलेला हात

'अंगावरून वारं गेलं' असं आपण म्हणतो. पोशेऱ्यासारख्या खेड्याच्या पाड्यावर काय, मुंबईच्या चाळीत काय, बोली तीच. प्रत्यक्षात तो पक्षाघात असतो; मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलेली किंवा फुटलेली असते. हा सुखवस्तू शहरी माणसांचा आजार, हा समजही खोटा. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा निघाला.

जे वाचतात, त्यांच्या लुळ्या हाताचं काय? परदेशात एक नवी युक्ती निघाली आहे. छातीत कातडीखाली छोटं यंत्र बसवतात आणि त्याची तार मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेला जोडतात. रुग्ण पेला उचलू लागला की थेरपिस्ट बटण दाबतो. अर्धा सेकंद वीज जाते आणि मेंदूला जणू सांगते, 'हे लक्षात ठेव.' 108 रुग्णांवरच्या चाचणीत, उपचार संपून तीन महिने झाल्यावर, खरी वीज मिळालेल्यांपैकी 47 टक्क्यांच्या हातात लक्षणीय फरक दिसला. नुसत्या व्यायामवाल्यांत तो 24 टक्क्यांना. 2021 मध्ये अमेरिकेनं यंत्राला मान्यता दिली.

पण 2018 ची दुसरी चाचणी मला जास्त बोलकी वाटते. तिथं 199 रुग्ण होते. काहींच्या डोक्याला खरं चुंबकीय उद्दीपन दिलं, काहींना नुसतं नाटक. दोन्हीकडे सुमारे दोन तृतीयांश लोक सुधारले! व्यायाम मात्र दोघांनीही कसून केला होता. तेव्हा बाजारात कुणी 'करंट देऊन हात उठवतो' म्हणालं, तर आधी विचारा, हात हलवायला कोण शिकवणार?

पोशेऱ्यात ते यंत्र नाही. पण सूप आहे, वरई आहे, तांब्या आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की सुपातले खडे दुबळ्या हातानं वेचायला लावा, तांब्या उचलायला लावा. दिवसाला पाच वेळा नव्हे, शेकडो वेळा. आपण मायेनं घास भरवतो, आणि तो हात कामच विसरतो. काही थेरपिस्ट तर चांगल्या हातावर मोजा चढवतात, म्हणजे दुबळ्याला काम करावंच लागतं. अर्थात, बोटं थोडी तरी हलत असली तरच.

अडचण वेगळीच आहे. दिवाळी झाली की घरची धडधाकट माणसं वीटभट्टीवर जगायला जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, कधी एखादं शाळकरी पोर. समोर बसून 'अजून एकदा' म्हणणारं कोण? म्हणून ती जाण्याआधी, नागली कापायच्या दिवसांतच ठरवा. शेजारची सून असेल, आशाताई असेल, नातू असेल. फिजिओथेरपिस्टकडे जाताना त्यालाच बरोबर न्या, रुग्णाचा व्यायाम त्यालाच घ्यायला लावा.